आजारी जाळ्याचा वाटा

आंजनबोडीच्या तलावात पाणी मांडीपर्यंत उतरलं की मासेमारी करणारा सारा ढीवर मोहल्ला पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, येतो. वैशाखातले ते दोन-तीन दिवस गावात कोणी सापडत नाही. सकाळपासून महाजाळाचे दोन ओढे, म्हणजे ते पाण्यातून ओढण्याच्या दोन खेपा, झाले होते. मासोळीचा ढीग ओल्या गोणपाटाखाली झाकून आशाबाई काठी घेऊन बसली होती. ती घारींना आणि माणसांना एकाच आवाजात हाकलत होती.

तिच्या डोक्यावर, चिचेच्या झाडाच्या खालच्या फांदीला मैनाचं हातजाळं टांगलेलं होतं.

आंजनबोडीत वाटा माणसाला पडत नाही, जाळ्याला पडतो. जो दुखणाईत आहे, पाण्यात उतरू शकत नाही, त्याचं जाळं या फांदीला टांगतात. त्याच्याखालीही बाकीच्यांएवढाच वाटा ठेवतात आणि त्याबद्दल कोणी तोंड वाकडं करत नाही. माणूस बरा झाला की त्याने आपल्या हाताने जाळं उतरवायचं आणि शेवटच्या ओढ्याला सगळ्यांच्या पुढे पाण्यात शिरायचं. हे कोणी सुरू केलं ते मासेमार सोसायटीचा म्हातारा अध्यक्ष केवळराम याच्या आजालाही माहीत नव्हतं.

केवळरामची बायको मैना हिचं जाळं तिच्या पोटाच्या ऑपरेशनापासून तिथे होतं, त्याला आठ वर्षं होत आली. दोऱ्याचा रंग उडाला होता. एका साली खारीने त्यात घरटं केलं, तेव्हा पिल्लं उडती होईपर्यंत, म्हणजे पळती होईपर्यंत, आशाबाईने त्या फांदीखाली कोणाला फिरकू दिलं नव्हतं.

यंदा मात्र लोकांचं लक्ष जाळ्याकडे नव्हतं, हेमराजकडे होतं. केवळरामने आदल्या दिवशी सोसायटीच्या बैठकीत सांगून टाकलं होतं, "माहा खांदा आता उठत नाई. अध्यक्ष दुसरा पाहा." सगळ्यांनी त्याच्या पोराचं, हेमराजचं, नाव घेतलं. हेमराजला मासोळीचं बीज कळतं, पाणी कळतं, आणि तो भांडत नाही. पण अध्यक्षाला गावात राहावं लागतं, आणि हेमराज चंद्रपूरकडच्या कोळसा खदानीत डंपर चालवत होता. तो नाही म्हणाला तर बीज टाकायचं काम बाहेरच्या ठेकेदाराला जाणार होतं. शेवटचा ओढा झाला की नवा अध्यक्ष पहिला वाटा, आजाऱ्याचा, आपल्या हाताने उचलून ठेवतो. म्हणजे उत्तर त्याआधी द्यायचं होतं.

रीता पाळीवर पाय सोडून बसली होती आणि नवऱ्याला पाहत होती. हेमराज चिखलात कमरेपर्यंत माखला होता. कोणीतरी त्याच्या पाठीवर मरळ सोडली तसा तो ओरडून उडाला आणि सगळे हसले.

खदानीच्या क्वार्टरमध्ये रीताने त्याला असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. तिथे तो ड्यूटीवरून यायचा, नाकातली काळी धूळ धुवायचा, गुपचूप जेवायचा. कधी रविवारी लेकीला मांडीवर घेऊन रोहूचं बीज कसं वाढतं ते सांगायचा. लेक झोपून जायची आणि हा सांगत राहायचा.

येत्या सोमवारी रीता तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून रुजू होणार होती. कायमची नोकरी. तिला हवी होती ती नोकरीपेक्षा तिच्याबरोबर येणारी औषधपाण्याची सोय. कुरखेड्याला तिचे वडील गुणवंतराव हृदयाची झडप खराब होऊनही धान लावत होते. नागपूरच्या डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं होतं, आणि ते दर वेळी म्हणत, "एवढं धान निघू दे." त्यांना दुसरं कोणी नव्हतं. म्हणून या वयात, लेकीला झोपवून, ती पुन्हा पुस्तकं घेऊन बसली होती.

पण त्या नोकरीत एक अट होती. बाईला सोयीत आपले आई-बाप घेता येतात किंवा सासू-सासरे. दोन्ही नाही.

हेमराज खदानीत होता तोवर अडचण नव्हती. मैना आणि केवळराम त्याच्या कंपनीच्या औषधपाण्याच्या कार्डावर होते. मैना दर महिन्यात एसटीने यायची, खदानीच्या दवाखान्यातून गोळ्या घ्यायची, रात्रभर नातीजवळ झोपून सकाळच्या गाडीने परत जायची. हेमराजने खदान सोडली की ते कार्ड संपलं.

"आई, बाबा पाण्यात किती छान दिसून राह्यले ना!" लेक म्हणाली.

"हाव," रीता म्हणाली आणि उठून चुलीकडे गेली.

चिचेच्या पलीकडच्या बाजूला तीन दगडांची चूल पेटली होती. हेमराजची मोठी बहीण कांता रस्स्याला मसाला वाटत होती. गुणवंतराव प्लास्टिकच्या खुर्चीवर, गळ्यात लाल गमछा टाकून बसले होते. मैना विळीवर मासोळी साफ करत होती आणि इवाईबुवांवर, म्हणजे व्याह्यांवर, तिचं लक्ष होतं.

"इवाईबुवा, खवले तरी काढा. कुरखेड्यात बसल्या जागी जेवण भेटते का?"

"इनबाई, मी पाहुणा आहो. आणि तुमच्या मासोळीले माह्यापेक्षा जास्त काटे आहेत."

"काटे आहेत म्हणूनच चव आहे. तुमच्या भेंडीले काय आहे?"

हेमराज ओल्या कपड्यांनी आला, आणि कांताने वाटण थांबवलं.

"मंग भाऊ, का ठरलं? खदान का बोडी?"

"ठरवाचं काय त्यात, बाई? खदान."

"सकाळपासून पाण्यात तं असा नाचून राह्यला जसा लगनातला घोडा!"

"नाचणं वेगळं. मायच्या दवाईचं कोण पाहीन?"

"तेच म्हणतो मी," कांता म्हणाली. एका क्षणात ती दुसऱ्या बाजूला गेली. "मायले दर महिन्यात दवाखाना लागते. अशी नोकरी सोडाची नसते. ठेकेदार येईन तं येऊ दे."

रीता सासूकडे पाहत, चुलीत लाकूड सारत म्हणाली, "माह्या नोकरीवर आत्याबाईचं नाव टाकता येते."

"आणि तुह्या बाबाचं?" हेमराजने विचारलं.

रीता चुलीतला जाळ नीट करू लागली.

"म्हणून म्हणतो," हेमराज म्हणाला, "त्या सोयीले मी हात लावणार नाई. तू त्याच्यासाठी परीक्षा देली. मी बोडीत मजा करू अन् तुह्या बापानं खुर्चीत बसून वाट पाहावं, असं नाई होणार."

"माहं नाव कायले घेता बाप्पा?" गुणवंतराव खुर्चीत सरळ झाले. "रीता, इनबाईचं नाव टाक. मी ठणठणीत आहो."

"ठणठणीत!" कांता आता तिसरीकडे गेली. "पाळ चढताना तीनदा बसले तुम्ही. मी पाह्यलं."

"तिसऱ्यांदा तं मी तंबाखू मळाले बसलो होतो."

"बाबा!" रीताचा आवाज चढला. "तंबाखू सोडली म्हणे ना तुम्ही?"

गुणवंतरावांनी गमछ्याने तोंड पुसलं आणि तलावाकडे पाहिलं, जसं तिथून कोणी बोलावलं असावं.

केवळराम खांदा चोळत येऊन उभा राहिला. त्याने सगळं ऐकलं होतं. "असं करा," तो म्हणाला, "मीच एक साल आणखी ओढतो. खांद्याचं का, मलम लावलं की चालते."

"बाबा, तुमचा हात डोक्यावर जात नाई. टोपी माय घालून देते तुम्हाले," कांता म्हणाली.

"टोपी घालाचं काम अध्यक्षाचं नाई."

कोणी हसलं नाही. ज्याने त्याने आपलं दुसऱ्याला देऊन टाकलं होतं आणि घेणारं कोणी नव्हतं. चुलीवर रस्सा उकळू लागला.

"बरोबर बोलला हेमराज," शेवटी कांता हळू आवाजात म्हणाली. "मायचं दुखणं आहे तोवर खदान सुटत नाई."

मैनाचा हात विळीवर थांबला.

आपण घरातलं दुखणं आहोत, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. ती समजत होती की ती घराची राखण करते. महिन्यातून एकदा पहाटे उठायचं, पिशवीत नातीसाठी मुरमुऱ्याचा लाडू टाकायचा, एसटीत खिडकी धरायची, दवाखान्याच्या बाकावर नंबर येईपर्यंत बसायचं. तिला ते काम वाटत होतं, शेतात पाखरं हाकलण्यासारखं. गावात कोणी विचारलं की म्हणायची, "पोराची नोकरी चांगली आहे, त्याचं कार्ड सांभाळा लागते." लोकांना वाटायचं, बुढी आजाराला पांघरूण घालते.

आणि पाणी! किती सालं ती या पाळीवर बसून दुसऱ्यांच्या जाळ्याला नावं ठेवत होती. पोरगा दरवेळी दटावायचा, "माय, पाण्यात नको उतरू, तुही तब्येत." तिला वाटायचं, पोराचा जीव आहे, मोडू नये.

तिने हातातली रोहू टोपल्यात टाकली.

"मले का झालं आहे रे?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"माय, तू नको ऐकू हे," हेमराज म्हणाला.

"कान इथीच आहेत त का करू? इचारून राह्यली, मले झालं का आहे?"

"तू दर महिन्यात दवाखान्यात येते..."

"येतो ना. कार्ड चालू राहाव म्हणून."

"म्हणजे?"

"म्हणजे का? उचल नाई केली तं नाव कटते!" मैनाला त्याच्या अडाणीपणाचा राग आला. "रुखमाचं नाई का कटलं? चार महिने लेकीकडे राह्यली, राशन उचललं नाई, वापस आली तं नाव गायब. मंग सालभर तहसीलीच्या चकरा. तवापासून मी डोक्यात ठेवलं. हेमराजचं कार्ड आहे, माहं ऑपरेशन त्याच्यावर झालं, उद्या नातीले लागन, सुनेले लागन. कोणी उचलच नाई केली तं ते कंपनीवाले काऊन ठेवतीन? म्हणून मी जाऊन उचल करत राह्यली."

हेमराज मटकन दगडावर बसला. "माय, ते राशनचं कार्ड असते! दवाईचं असं नसते!"

"कार्ड ते कार्ड."

"आणि डॉक्टरले का सांगत होती?"

"जे आठवन ते. कधी गुडघा, कधी चक्कर. एक डाव काहीच आठवलं नाई, तं बाजूच्या बुढ्यानं जे सांगतलं तेच सांगून देलं. डॉक्टर म्हणे, बाई, हे बायांले होत नाई."

पहिल्यांदा गुणवंतराव हसले. ते इतके हसले की रीताने घाबरून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग कांताच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिने वाटणाचा हात लावून ते पुसलं आणि आणखी पाणी आलं.

"आणि गोळ्या?" कांताने डोळे मिटूनच विचारलं.

"डब्यात आहेत. दुखत नाई तं कायले खावाच्या? वाया गेलं तं फक्त तेवढंच. मलम नाई गेलं. मलम तुह्या बापाच्या खांद्याले जाते."

केवळरामने खांद्यावरचा हात काढून घेतला, जसा त्याला चटका बसला. "अवं, तू तं म्हणे हेमराज आणून देते!"

"त्याच्या कार्डावरचंच आहे. खोटं का बोलली?"

हेमराज हसत नव्हता. तो रीताकडे वळला. "तुले माहीत होतं?"

"गोळ्या कॅल्शियमच्या आहेत, हे माहीत होतं," रीता म्हणाली. "आत्याबाई आल्या की मी बीपी पाहतो. माह्यापेक्षा चांगला आहे. मले वाटे, नातीले पाहाचं असते, दवाखाना बहाणा आहे. मी काऊन बोलू? पोरगी सारा महिना त्या लाडवाची वाट पाहते."

"मी तुले किती डाव इचारलं!"

"मी दरवेळी सांगतलं, काही खास नाई."

"मले वाटलं, तू मले धीर देऊन राह्यली!"

हेमराजने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. चिखल वाळून त्याच्या हातांना भेगा पडल्या होत्या. मैना उठून त्याच्यासमोर बसली. आता तिलाही भीती वाटू लागली होती.

"मी त्या डंपरवर तुह्यासाठी बसलो होतो, माय," तो हातांच्या आतून म्हणाला.

"अन् मी त्या बाकावर तुह्यासाठी. लाकडी बाक आहे बाबा, पाठ नाई त्याले."

हेमराजचे खांदे हलू लागले. रडतो की काय म्हणून मैनाने त्याचे हात ओढून काढले. तो हसत होता. डोळे ओले होते, पण हसत होता, मरळ पाठीवर सोडल्यावर ओरडला तसाच मोठ्याने.

रस्सा उतू जायला लागला तेव्हा कुठे कांताने झाकण काढलं आणि वरून चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरला.

"थांबा," गुणवंतराव म्हणाले. हसू ओसरल्यावर त्यांचा श्वास जड झाला होता. "हासणं झालं. पण इनबाई आज ठीक आहे. उद्या पडल्या तं? माह्यापायी तुमच्या डोक्यावरचं छप्पर जाऊ नये."

हा प्रश्न खरा होता. केवळराम खाली पाहू लागला. त्याला खदानीत गेलेले, तिथून निवृत्त झालेले आणि कार्ड जपून ठेवलेले गावातले दोघं-तिघं आठवले. ती माणसं सुखी होती असं त्याला म्हणवेना, पण ती निवांत झोपत होती.

"भीती आहेच," रीता म्हणाली. तिने खोटं सांगितलं नाही. "सरकारी योजनेचं कार्ड आत्याबाईचं अन् मामाजीचं मी स्वतः उभी राहून करून घेतो. त्यात सगळंच बसते असं नाई. पण ज्याले आज ऑपरेशन लागते त्याचं आज करावं. आत्याबाई पडल्या तं त्याच दवाखान्यात येतीन जिथी मी आहो."

"अन् मी पडणार नाई," मैना म्हणाली.

"तू चूप राह्य. तुह्यावर इस्वास नाई आता कोणाचा," केवळराम म्हणाला आणि पोराकडे वळला. "हेमराज, तुले तं भीती नाई वाटत?"

"वाटते बाबा." त्याने रीताकडे पाहिलं. "घर तुह्या नोकरीवर चालन काही दिवस. लोक बोलतीन."

"आजवर तुह्या नोकरीवर चाललं तवा कोण बोललं?" रीता म्हणाली. "तू बीज टाक. पण नाकातून काळं यायचं बंद झालं पायजे."

हेमराज उठला. "ओढा टाका!" त्याने तलावाच्या दिशेने हाक मारली. "अध्यक्ष येऊन राह्यला!"

पाण्यातून आरडाओरडा उठला. कोणी डबा वाजवला. आणि त्या गोंधळात चिचेच्या अलीकडून काठी आपटल्याचा आवाज आला.

"अध्यक्ष होईन तो होईन," आशाबाई म्हणाली. ती मधल्या बुंध्यापलीकडे बसून शब्द न् शब्द ऐकत होती. "आधी हे सांगा. आठ सालं ही बाई धडधाकट होती?"

मैनाने टोपल्याआड जाण्याचा प्रयत्न केला.

"आठ सालं मी या फांदीखाली हिचा वाटा राखला," आशाबाई पाण्यातल्या बायांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. "घारी हाकलल्या, मांजरं हाकलली, खारीचं बाळंतपण केलं! अन् ही एसटीत खिडकीजवळ बसून फिरून राह्यली होती!"

पाण्यातल्या बाया काठाकडे सरकल्या. एकीने विचारलं काय झालं, दुसरीने सांगितलं, तिसरीने त्यात बुढ्याचं दुखणं आणखी वाढवून घातलं. हसण्याची लाट पाळीला येऊन धडकली.

"मले वाटत होतं मी बिमार दिसतो म्हणून देता तुम्ही," मैना पुटपुटली.

"दिसते कुठी? गाल पाह्य आपले! आमची मासोळी आहे त्यात."

"मंग दंड सांग," मैना म्हणाली.

आशाबाईने काठीने फांदी दाखवली. "रिवाज माहीत आहे ना? उतरव. अन् आठ सालं आम्ही पाळीवर बसू, तू ओढ."

मैना फांदीजवळ गेली. हात पुरत नव्हता. हेमराज उचलायला आला तर तिने त्याला ढकललं, "आपल्या हातानं असते," आणि इवाईबुवांची खुर्ची ओढून नेली, ते उठायच्या आधीच. खुर्चीवर चढून तिने गाठ सोडली. दोरा कुजला होता, जाळं अर्धं हातात आलं आणि अर्धं केसांत अडकलं. तशीच ती लुगडं खोचून पाळ उतरली.

पाणी घोट्याला लागलं तशी ती थांबली. चिखल बोटांमधून वर आला. तिने खाली पाहिलं, मग वळून केवळरामकडे पाहिलं आणि लहान पोरीसारखी हसली. केवळराम एक हात जमेल तेवढा वर नेऊन जाळं फेकल्याची खूण करत होता, जशी तो लग्न झालं त्या सालात तिला दुरून करायचा.

महाजाळाच्या एका टोकाला हेमराज लागला, दुसऱ्या टोकाला सर्वांच्या पुढे मैना. ओढा जड आला. बाया गात होत्या, मैना गाण्यापेक्षा शिव्याच जास्त देत होती, जाळ्याला, चिखलाला आणि मधेच सुटणाऱ्या कतल्याला.

काठाला मासोळी उसळली तसा हेमराज पाळीवर आला. जाळी ओळीने मांडली होती. प्रत्येक जाळ्यापुढे जागा होती, फक्त फांदीखालची जागा मोकळी होती. त्याने पहिली रोहू उचलली. रिवाजाप्रमाणे पहिला वाटा आजाऱ्याचा. त्याने वर पाहिलं. फांदीवर काहीच नव्हतं.

"थांब!" मैना पाण्यातून ओरडली. ती चिखलाने भरलेली, धापा टाकत वर आली आणि सरळ गुणवंतरावांसमोर जाऊन उभी राहिली. "इवाईबुवा, गमछा द्या."

"कायले? माहा नवा आहे."

तिने उत्तर न देता त्यांच्या गळ्यातून गमछा काढला, पुन्हा खुर्चीवर चढली आणि जिथे तिचं जाळं होतं तिथे तो लाल गमछा पक्क्या गाठीने बांधला.

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. एक जण म्हणाली, "पण ते जाळ्याचे नाईत. धानवाले आहेत, परगावचे."

सगळ्यांनी आशाबाईकडे पाहिलं. तिने गमछा पाहिला, मग रीताला पाहिलं. रीता चुलीपाशी उभी होती आणि तिच्या हातातला पळा हलत नव्हता.

"सून आपली आहे तं तिचा बाप कोणाचा?" आशाबाई म्हणाली. "बरे झाले की आपल्या हातानं उतरवतीन. अन् मंग पाण्यातही उतरतीन. भेंडीवाले असले तरी."

"मले पोहता येत नाई," गुणवंतराव म्हणाले. गमछा वर गेला होता, म्हणून त्यांनी तोंड हातानेच पुसलं.

"मांडीभर पाण्यात कोण पोहते?" मैना म्हणाली. "चालाचं असते. पण आधी झडप बदलून या."

हेमराजने रोहू गमछ्याखाली ठेवली. मासोळी एकदा शेपूट आपटून वळली. मग तो एकेका जाळ्यापुढे वाटे टाकत ओळीने पुढे गेला आणि आपल्या आईच्या फाटक्या जाळ्यापाशी येऊन थांबला.

"हिले?" त्याने आशाबाईला विचारलं.

आशाबाईने बराच विचार केला. मग टोपल्यात हात घालून एक झिंगा निवडला, तो बारीक आहे याची खात्री केली, आणि मैनाच्या तळहातावर ठेवला.

"घे. उचल करत जाय," ती म्हणाली. "नाई तं नाव कटन."